बॅरी सँडर्स: ‘डॅलसकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

डॅलसकर,

एवढी सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, आभार. बॅरी सँडर्सला मी मागच्या लेखात एनएफएलमधला (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमधला) आजवरचा सर्वोत्तम रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा गडी, म्हटलं, ते तुम्हाला झोंबलेलं दिसतंय. इतरांसाठी तुमचे आक्षेप थोडक्यात: तो पुढे कमी आणि मागे-आडवा जास्त पळायचा, त्यात संघाचे यार्ड जायचे, दहा वर्षांत प्लेऑफमधला (मोसमानंतरच्या बाद फेरीतला) विजय एकच, त्याची कीर्ती यूट्यूबवरच्या दोन-दोन मिनिटांच्या तुकड्यांवर उभी आहे, आणि शेवटी फॅक्सने निवृत्ती कळवून पळाला. म्हणून डॅलस काउबॉइजचा रनिंग बॅक एमिट स्मिथ मोठा.

मागे पळण्यापासून सुरुवात करतो, कारण तुमच्या सगळ्या मुद्द्यांत दम असलेला तोच आहे. कारकिर्दीत त्याने हजाराहून जास्त यार्ड उणे धावांत घालवले, हे खरंच. पण कुठून घालवले तेही बघा. पहिली काही वर्षं त्याचा संघ, म्हणजे प्रशिक्षक वेन फॉन्ट्सचे डेट्रॉइट लायन्स, ‘रन अँड शूट’ पद्धतीने खेळायचे. चार रिसीव्हर (पास झेलणारे) बाहेर पांगवलेले, वाट मोकळी करून द्यायला टाइट एंड नाही, फुलबॅक नाही. मागे एकटा सँडर्स. समोरच्यांना अडवणाऱ्या पाच जणांच्या ऑफेन्सिव्ह लाइनमधला एक जरी चुकला, तर चेंडू हातात येतो न येतो तोच समोर बचावाचा लाइनबॅकर उभा. तिथे दुसरा कुणी खांदा खाली घालून दीड यार्ड घेतो आणि उठतो. सँडर्स ते घेत नसे. कबड्डीतला एखादा चढाईपटू साखळीत सापडल्यावरही मध्यरेषेकडे न पळता उलट कोपऱ्यात शिरतो ना, तसा तो होता. कधी चार यार्ड मागे पडायचा, कधी साठ यार्ड पुढे निघायचा.

आता हिशेब. ३,०६२ कॅरी (चेंडू घेऊन धावण्याच्या खेपा), १५,२६९ यार्ड, दर कॅरीला सरासरी जवळजवळ ५. त्या उणे धावा यात धरलेल्या आहेत, वेगळ्या काढून ठेवलेल्या नाहीत. एमिट स्मिथची सरासरी ४.२. तुम्ही घालवलेले यार्ड मोजता, पण ते वजा करूनच हा आकडा आलेला आहे.

तरी सरासरीच्या आड मी लपणार नाही. दहा यार्ड पुढे सरकायला चार डाउन, म्हणजे चार प्रयत्न, मिळतात; पहिल्या डाउनला तीन यार्ड मागे पडलं की दुसरा डाउन १३ यार्डांचा होतो, मग बचावाला पास येणार हे कळतं, आणि लायन्सकडे काउबॉइजच्या ट्रॉय एकमनसारखा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) नव्हता. रॉडनी पीट, एरिक क्रेमर, आंद्रे वेअर, स्कॉट मिचेल असे पाळीपाळीने येत-जात होते. गोल लाइनजवळ (जी ओलांडली की टचडाउन) प्रशिक्षक सँडर्सला बाहेर बसवून डेरिक मूरसारख्या जाडजूड गड्याला आत पाठवायचे, ते काही वेडेपणाने नव्हे. धावून केलेले टचडाउन: सँडर्स ९९, स्मिथ १६४. चौथ्या डाउनला एकच यार्ड हवा असेल तर मीसुद्धा चेंडू स्मिथच्या हातात देईन. आणि ‘स्मिथ म्हणजे काय, त्याच्या लाइनची करामत’ असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. १९९३ मध्ये करारावरून तो घरी बसला तर काउबॉइज पहिले दोन्ही सामने हरले. तो आला आणि त्याच मोसमात सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकले.

प्लेऑफवर मात्र भांडू. तुम्ही ३१ डिसेंबर १९९४ चा ग्रीन बे पॅकर्सविरुद्धचा सामना पुढे केलात: १३ कॅरी, उणे १ यार्ड. लाजिरवाणाच आकडा आहे तो. पण त्या दिवशी लायन्सच्या सगळ्या धावांची मिळून बेरीजही शून्याखालीच होती, आणि तरी सामना १६-१२ असा चार गुणांनीच गेला. शिवाय त्याच पॅकर्सविरुद्ध त्याच वर्षी जानेवारीत, लायन्सच्या घरच्या पॉन्टिअक सिल्व्हरडोममध्ये, सँडर्सने १६९ यार्ड काढले होते. तेव्हाही हरलेच, २८-२४. शेवटच्या मिनिटात पॅकर्सचा क्वार्टरबॅक ब्रेट फाव्हने स्टर्लिंग शार्पला ४० यार्डांचा टचडाउन फेकला. त्यात रनिंग बॅकने काय करायचं होतं? १९९५ च्या मोसमात ईगल्सनी ५८ गुण चढवले, तो बचाव काय सँडर्स खेळत होता?

गंमत म्हणजे जो एक विजय आहे, जानेवारी १९९२ मध्ये तुमच्याच काउबॉइजविरुद्ध ३८-६, त्याचं श्रेय मी सँडर्सला देत नाही. त्याला कॅरी मिळाल्या १२. सामना क्रेमरने फेकून जिंकला. सँडर्सचा ४७ यार्डांचा टचडाउन आला तोवर निकाल लागलेला होता. एकाच सामन्यावरून श्रेय द्यायचं नसेल तर एकाच सामन्यावरून दोषही देऊ नये, एवढंच.

यूट्यूबच्या तुकड्यांबद्दल. सप्टेंबर १९९४, पॉन्टिअक, पेट्रियट्सचा सेफ्टी (सगळ्यांत मागचा बचावपटू) हार्लन बार्नेट. ३९ यार्डांचा तो टचडाउन तुम्ही पाहिलेला असणारच. मोकळ्या मैदानात दोघंच समोरासमोर. सँडर्स क्षणभर पाय थबकवतो, खांद्याने एक हूल देतो, बार्नेट जागच्या जागी गिरकी घेतो आणि चेहरा पुन्हा समोर येईपर्यंत माणूस निघून गेलेला. हा नुसता तमाशा नव्हे. बघताना सँडर्सच्या कमरेकडे बघा, पायांकडे नको. ती इतकी खाली असते की कुठल्याही पावलावर तो कुठल्याही दिशेला वळू शकतो. पाच फूट आठ इंच उंची, दोनशे पौंडांच्या आसपास वजन, त्यातलं बरंचसं मांड्यांत. टॅकल करणाऱ्याला धरायला काही सापडतच नाही. आणि टचडाउननंतर हा ‘तमासगीर’ चेंडू पंचांच्या हातात देऊन चालू लागायचा. पहिल्याच मोसमात शेवटच्या सामन्यात लीगमध्ये सर्वाधिक यार्ड धावण्याचा किताब १० यार्डांवर होता, सामना खिशात होता, तर हा पुन्हा मैदानात उतरलाच नाही. किताब क्रिश्चन ओकोयेला गेला.

राहिला फॅक्स. जुलै १९९९, सराव शिबिराच्या तोंडावर, त्याच्या गावच्या, विचिटाच्या, वर्तमानपत्राला. ड्राफ्ट (नवे खेळाडू निवडण्याची फेरी) उरकलेला, बदली खेळाडू शोधायला वेळ नाही. हे चुकीचंच होतं आणि लेखात मी ते झाकलेलं नाही. बोनसचे पैसे परत करायची वेळ आली ती त्यामुळेच. पण ‘पळाला’ म्हणजे कशापासून? वॉल्टर पेटनच्या १६,७२६ यार्डांच्या विक्रमाला १,४५७ कमी होते, म्हणजे एका मोसमाचं काम. ज्याला आकड्यांची हाव असते तो त्या टप्प्यावर घरी जात नाही.

तुमच्या बाजूचा खरा मोठा दाखला तुम्ही दिलाच नाहीत, म्हणून मीच देतो: त्याच्याशिवाय १९९९ मध्ये लायन्स ८-८ (आठ विजय, आठ पराभव) करून प्लेऑफमध्ये गेले. त्याच्यासह १९९८ मध्ये ५-११ होते. यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. एवढंच म्हणेन, की नंतर प्लेऑफचा पुढचा विजय मिळायला जानेवारी २०२४ उजाडावं लागलं. रोग खेळाडूत नव्हता, घरात होता.

आता १९९७ बघा, कारण माझं सगळं म्हणणं त्या मोसमावर उभं आहे. नवा प्रशिक्षक बॉबी रॉस. पहिल्या दोन सामन्यांत सँडर्सचे ३३ आणि २० यार्ड. मग पुढे टॉमी व्हार्डेल हा फुलबॅक नेमाने उभा राहू लागला. उरलेल्या १४ सामन्यांत बरोबर २,००० यार्ड, प्रत्येक सामन्यात शंभरच्या वर. एकूण २,०५३, आणि फाव्हबरोबर विभागून एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू). माणूस तोच, वय २९, पळण्याची तऱ्हा तीच. पुढे एक गडी वाट मोकळी करायला मिळाला, इतकाच फरक.

दुसऱ्या आठवड्यात ज्या टाम्पा बेने त्याला २० वर रोखलं, त्यांच्याच मैदानावर ऑक्टोबरमध्ये त्याने २१५ काढले, त्यात ८० आणि ८२ यार्डांचे दोन टचडाउन. तुकडे नकोत म्हणता ना, मग हे दोन्ही सामने एकापाठोपाठ एक अख्खे बघा, आणि तरीही स्मिथच म्हणायचं असेल तर खुशाल खाली लिहा. फक्त लिहिताना व्हार्डेल कुठल्या डाउनला आत होता तेवढं टिपून ठेवा, म्हणजे वाद घालायला बरं पडेल.