माणसं कुठे ठेवावीत?

तुमच्या नळाला रोज पाणी येतं ना? मग हे नीट समजून घ्या. उद्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणी विचारलं तर अडायला नको.

तानसा तलावाहून मुंबईला येणाऱ्या जलवाहिनीला शेजारच्या माणसांपासून धोका असतो. म्हणून कोर्टाच्या आदेशाने तिच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर जागा मोकळी हवी. मग तिथल्या झोपड्या हलवायच्या कुठे? पाली हिल वगैरे पोरकट विचार मनात आणू नका. जिथे आपणहून कोणी राहायला जात नाही, अशी जागा शोधा. चेंबूरजवळचं माहुल. तेलशुद्धीकरण कारखाने हाकेच्या अंतरावर, खतकारखाना जवळच, आणि ७२ इमारतींत १७,२०५ खोल्या तयार. पाइपाला दहा मीटर लागतात. तेलाच्या टाकीपासून माणसाला किती लागतात, हे विचारत बसू नका. पाइप फुटला तर तुमची आंघोळ राहते.

खोली २२५ चौरस फुटांची, पक्की, फुकट. 'फुकट' जरा मोठ्याने म्हणा, म्हणजे पुढचा खोकला ऐकू येत नाही. केईएमच्या डॉक्टरांनी २०१३ साली माहुलमध्ये पाहणी केली, तर सुमारे ६७ टक्के लोकांना महिन्यातून तीनपेक्षा जास्त वेळा धाप लागत होती. अशा वेळी आधी विचारावं, विडी ओढता का? २०१५ मध्ये हरित लवादानेही सांगितलं की इथली हवा आरोग्याला धोकादायक आहे. पाइपालगतच्या कुटुंबांची मोठी खेप निघाली ती २०१७ साली. म्हणजे अजाणता केलं, असा ठपका तरी आपल्यावर येत नाही.

२०१९ साली उच्च न्यायालयाने घोळ घातला: ज्यांना तिथे राहायचं नाही त्यांना महिना १५ हजार भाडं आणि ४५ हजार डिपॉझिट द्या म्हणे! लाड नुसते.

उरलेल्या खोल्यांचंही बघायला हवं. पालिकेने त्यातल्या ९,०९८ आपल्याच तृतीय-चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्यांना विकायला काढल्या, १२ लाख ६० हजारांना एक. मुंबईत, विचार करा! तरी रांग काही लागली नाही. कचरा उचलणारी माणसंसुद्धा हल्ली फार चोखंदळ झालीत.

तुम्ही मात्र हिवाळ्यात कॅमेरा घेऊन माहुलच्या खाडीवर जरूर जा. रोहित पक्षी येतात, गुलाबी, हजारोंनी. फोटोत मागे धुराडी येतील, तेवढी कापा. पावसाच्या तोंडावर हे पक्षी निघून जातात. त्यांच्याकडे रेशनकार्ड नसतं.