वेगळ्या खोलीत झोपवलं की पोरगं स्वावलंबी होतं?

‘परदेशात बाळ पहिल्या दिवसापासून वेगळ्या खोलीत झोपतं, जपानमध्ये सहा वर्षांची मुलं एकटी शाळेत जातात. आपण मात्र पोरांना कुशीत झोपवून, हातानं भरवून पांगळं करतो,’ हा मेसेज सध्या नागपुरातल्या झाडून सगळ्या ग्रुपांवर फिरतोय.

आधी झोपेचं पाहू. ज्या जपानचे गोडवे गायलेत, तिथेच लहान मुलं आईबापाजवळ, जमिनीवर अंथरलेल्या गाद्यांवर झोपायची जुनी रीत आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही निदान पहिले सहा महिने बाळ आईबापाच्याच खोलीत ठेवा म्हणते; फक्त त्याचा बिछाना वेगळा, टणक आणि उशी-दुलईविना हवा. हे मात्र आपणही ऐकावं. बाकी मे महिन्यात पारा ४५ वर गेला आणि घरात कूलर एकच असला, तर आजीपासून तान्ह्यापर्यंत सगळे त्याच खोलीत पडणार. यात लाड कुठून आले?

आता ती ‘एकटी’ जाणारी जपानी मुलं. बऱ्याच ठिकाणी ती गल्लीतल्या मुलांच्या टोळीनं जातात, ठरलेल्या रस्त्यानं. चौकात झेंडी घेऊन मोठी माणसं उभी असतात. अडचण आली तर आत या, अशी पाटी लावलेली घरं-दुकानं वाटेत लागतात. मुलापेक्षा मोहल्ला तयार केलाय त्यांनी. आपल्याला हे नवीन नाही. तान्हा पोळ्याला नागपुरातल्या महाल भागातली पोट्टी लाकडी बैल ओढत घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागत फिरतात, कारण प्रत्येक दारातली काकू त्यांना नावानं ओळखते. त्याच पोट्ट्यांना वर्धा रोड एकट्यानं ओलांडायला सांगायचं असेल तर आधी तो रस्ता तसा करा.

‘परदेश’ म्हणजे एकच गाव, हाही गमतीशीर समज. डेन्मार्कमध्ये बाबागाडीतलं बाळ बाहेर ठेवून आईबाप आत कॉफी पितात, कुणाला काही वाटत नाही. १९९७ साली एका डॅनिश आईनं न्यूयॉर्कमध्ये हेच केलं, तर पोलिसांनी तिला अटक केली आणि बाळ काही दिवस सरकारी ताब्यात गेलं. यातला कोणता परदेश गिरवायचा म्हणता?

राहिला पांगळेपणा. बिआट्रिस आणि जॉन व्हायटिंग या मानववंशशास्त्रज्ञ दांपत्यानं १९५० च्या दशकात सहा समाजांतल्या मुलांचा अभ्यास उभा केला. त्यात उत्तर भारतातलं एक गावही होतं. केनियातल्या गावात लहान भावंडं सांभाळणारी, गुरं राखणारी, घरकामाला हातभार लावणारी मुलं इतरांची काळजी घेण्यात पुढे दिसली; अमेरिकन गावातली मुलं लक्ष वेधून घेण्यात. म्हणजे फरक अंथरुणानं नाही, अंगावर टाकलेल्या कामानं पडला.

हातानं भरवण्याबद्दल एवढंच: दोन वर्षांच्या पोराला वरणभात भरवला म्हणून काही बिघडत नाही. समोर मोबाइल लावून, तोंड उघडलं की घास कोंबणं वाईट, आणि मेसेजमध्ये नेमकं तेच लिहिलेलं नाही.