सुरमईचे पट्टे उभे असतात

इंदूर स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली आहे, साडेपाचशे मीटरच्या आसपास. समुद्राशी आमच्या घराण्याचा संबंध एवढाच.

रामबागेत माझं टी-शर्ट छापायचं दुकान आहे. गणेश मंडळं, शाळेच्या जुन्या बॅचेस आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, ही माझी गिऱ्हाइकं. त्यातली गेरवाली मंडळी मला सर्वांत प्रिय. सकाळी राजवाड्यावर घालून गेलेला शर्ट दुपारी असा होऊन परततो की त्यावर काय छापलं होतं हे माझं मलाही ओळखू येत नाही. शुद्धलेखनाची तक्रार आजवर एकही नाही.

अशा सुखात असताना जूनमध्ये मालवणहून बायकोच्या मावसभावाचा फोन आला. त्याची बोट आहे. मुंबई-पुण्याच्या हौशी लोकांना तो खोल पाण्यात गरवायला नेतो. रॉड, रीळ, गळ सगळं बोटीवर. मासा लागला तर लागला, पैसे आधी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोट झावळ्यांखाली, माणूस रिकामा. आणि रिकाम्या माणसाला ब्रँडिंग सुचतं.

"भावजी, बोटीचे स्वतःचे शर्ट करूया. चाळीस नग, वर सुरमईचं चित्र. तुम्ही काय, घरचेच."

"घरचेच" म्हटलं की दर किती लावायचा हा प्रश्नच उरत नाही.

लोगो पाठव म्हटलं, तर त्याने बोटीच्या कुशीवर पेंटरने रंगवलेल्या नावाचा फोटो पाठवला, दुसऱ्या बोटीतून काढलेला. अक्षरं डावीकडे कललेली. मी दोन रात्री बसून तो कल अंशाअंशाने तसाच उतरवला. कलाकाराची शैली आहे, आपण कशाला मोडा? त्याचा निरोप आला, "अक्षरं तिरकी का?" मी म्हटलं, तुझ्याच फोटोत आहेत. "ती सरळच आहेत हो, लाट आली होती."

मग कापड. मी सवयीने सुती शर्टाचा भाव सांगितला आणि मालवणात हशा पिकला. साध्या पांढऱ्या सुती शर्टातून ऊन बऱ्यापैकी आत येतं, आणि तो भिजला की आणखीच येतं. त्याला हवं होतं यूपीएफ ५० चं पॉलिस्टर, म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा हिस्साच अंगापर्यंत पोचेल असं. शिवाय पूर्ण बाह्या आणि मानेला झाकणारं टोपडं. मे महिन्यात इंदुरात हे घालून कुणी फिरलं तर लोक आधी लिंबूपाणी देतील आणि मग विचारपूस करतील.

पॉलिस्टरवर सबलिमेशन करावं लागतं. शाई कागदावर छापायची, कागद कापडावर ठेवायचा आणि दोनशे अंशांच्या आसपास दाबायचा. शाईची वाफ होऊन धाग्यात शिरते. ह्यात पांढरी शाई नसते, म्हणून कापडच पांढरं घ्यायचं. आणि कागदावर सगळं उलटं, आरशातल्यासारखं छापायचं. हे शेवटचं वाक्य मी नव्या पोरांना रोज शिकवतो.

तापलेल्या पॉलिस्टरला एक वास येतो. आई माळ ओढता ओढता माजघरातून म्हणाली, "मासे शिजवतोयस का रे?" मी म्हटलं, नुसतं चित्र आहे. शेजारच्या काकूंना मात्र तिनेच परस्पर सांगून टाकलं की मुलाला मत्स्यावताराची मोठी ऑर्डर मिळालीय.

अवतार उतरेना. पहिला नमुना पाहून पलीकडून आधी शांतता, मग, "अवो भावजीनु, ह्यो बांगडो!"

मला काय कळणार? निमुळता, चंदेरी, शेपटीला दोन टोकं. पण बांगड्याच्या पाठीवरच्या रेषा आडव्या, डोक्याकडून शेपटीकडे धावणाऱ्या. सुरमईचे पट्टे उभे, कुशीवर नागमोडी उतरणारे. मी पट्टे उभे केले आणि दुसरा नमुना पाठवला. "किती काढले?" बारा. "मोठ्या सुरमईला चाळीस-पन्नास असतात. बारा म्हणजे पिल्लू. बोटीवर पिल्लाचं चित्र लावलं तर गिऱ्हाईक काय समजेल?" शिवाय माशाच्या अंगावर एक बारीक रेघ असते, ती शेपटीकडे जाताना एका ठिकाणी झपकन खाली उतरते, ती मी सरळ नेली होती. गणेश मंडळाने आजवर कधी सोंडेच्या वळ्या मोजल्या नव्हत्या.

तिसऱ्या नमुन्यात पट्टे सेहेचाळीस, रेघ जागेवर, मासा इतका जिवंत की आई चहा ठेवून लगबगीने निघून गेली. फक्त कागद उलटा छापायचा राहिला. फोन नंबर आरशात पाहिला तरच बोट बुक होणार होती. तिन्ही नमुने फरशी पुसायला आईकडे गेले. तिसऱ्या दिवशी परत. "मेलं पाणीच टिपत नाही!" टिपायचं नसतं म्हणूनच तर ते महाग.

एवढ्यात त्याने गिऱ्हाइकांचे जुने फोटो पाठवले आणि माझ्या पोटात गोळा आला. प्रत्येकाने मासा दोन्ही हातांवर आडवा, छातीसमोर धरलेला. वर कॅमेऱ्याकडे ढकललेला, म्हणजे तो दीडपट दिसतो. माझा लोगो नेमका छातीवर! मासा मोठा असेल तर लोगो झाकला जाणार. मासा छोटा असेल तर लोगो दिसेल, पण छोट्या माशाबरोबर कोण फोटो काढतं? पाठीवर छापावं तर पाठ समुद्राकडे. आणि मासा नसला तर वरून लाइफ जॅकेट.

बायकोने फोटो पाहिला. "हात दिसतोय की. बाहीवर छापा, मनगट ते कोपर."

पण अक्षरं कुठल्या बाजूने वाचायची? त्यासाठी मासा धरून पाहणं भाग होतं. घरात माशाच्या आकाराची एकच वस्तू होती, हातभर दुधी. तो दोन्ही हातांवर आडवा घेऊन, टोपडं चढवून, मी गच्चीवर उभा राहिलो आणि बायको फोटो काढू लागली. "अजून पुढे ढकला. हसा. जिंकल्यासारखं हसा." समोरच्या गच्चीवर शर्माजी कपडे वाळत घालायचे थांबले. "भिया, लौकी घर की है क्या?" मी म्हटलं, हो. "तभी!" ते आदराने म्हणाले.

वीस फोटोंनंतर ठरलं: अक्षरं मनगटाकडून कोपराकडे, बाहेरच्या अंगाला. संध्याकाळी त्याच सुरमईची चण्याची डाळ घालून भाजी झाली.

चाळीस शर्ट गेले. ऑक्टोबरात फोटो आला. पुण्याचे एक काका, अंगात आमचा शर्ट, हातांवर खरीखुरी सुरमई, पट्टे उभे, मी मोजले नाहीत. चेहऱ्यावर अगदी माझं दुधीचं हसू. काकांनी दोन्ही बाह्या कोपराच्या वर नीट दुमडून घेतल्या होत्या.

खाली मेव्हण्याने लिहिलं होतं, "मस्त ना? पण बोटीचं नाव छापायला विसरलात काय?"