गिझरची कॉइल आणि विरोधी पक्षनेता

गेल्या हिवाळ्यात अथेन्समधल्या आमच्या घरचा गिझर बंद पडला. प्लंबरने क्षाराचा जाड थर चढलेली कॉइल ओढून काढली आणि म्हणाला, "आन्दीस्तासी जळली." म्हणजे कॉइल. आमच्या मागच्या रस्त्याच्या पाटीवर हाच शब्द आहे, तिथे तो नाझींविरुद्धच्या राष्ट्रीय प्रतिकारासाठी!

शब्द प्राचीन ग्रीक आहे, मूळ रूप अँतिस्तासिस. 'अँती' म्हणजे समोर, 'स्तासिस' म्हणजे उभं राहणं, आपल्या 'स्था' धातूच्या नात्यातलं. प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये माणसाच्या मनातली दुफळी सांगताना स्तासिस आणि अँतिस्तासिस जोडीने वापरलेत. एक गट आणि त्याच्या समोर उभा राहिलेला दुसरा. नुसती स्तासिस म्हणजे प्राचीन ग्रीक इतिहासकार थुसिडिडीसच्या ग्रंथात यादवी, आणि आज इथला बसथांबा.

आपल्या 'विरोध'मध्ये मात्र रुध् आहे, अडवणं. शाळेत शिकलेला विजेचा 'रोध'ही त्यातलाच (आणि गिझरचं पाणी तापतं ते त्या रोधामुळेच). घरच्या ग्रुपवर विरोध म्हटलं की सगळ्यांना कामातला खोडाच दिसतो. 2024च्या विधानसभेत 288 पैकी दहा टक्के जागा एकाही विरोधी पक्षाला मिळाल्या नाहीत, सर्वांत मोठ्याला 20 मिळाल्या. तेव्हापासून विरोधी पक्षनेतेपदाचा वाद सुरू आहे. काका लिहितात, "हवाय कशाला तो? कामं होतायत ना?" मला हे अजिबात पटत नाही. समोर कुणी उभंच नसेल तर सरकारला प्रश्न विचारायचा कुणी? टक्केवारीवर अडून न बसता ते पद द्यायला हवं.

मे 1941 अखेरच्या एका रात्री मानोलिस ग्लेझोस आणि अपोस्तोलोस सांतास या विशीही न गाठलेल्या पोरांनी अॅक्रोपोलिसवरचा स्वस्तिकाचा झेंडा उतरवला. युद्ध संपल्यावर ग्लेझोसला त्याच्याच देशाच्या न्यायालयाने मृत्युदंड सुनावला. तो अमलात आला नाही, पण तुरुंगात वर्षं गेली. कारण तो डावा होता, आणि आता समोर उभं राहणं म्हणजे देशद्रोह ठरत होतं. डाव्यांच्या प्रतिकाराला सरकारी मान्यता मिळाली ती थेट 1982 साली.

फोनवर हे सांगितलं तर काका म्हणाले, "तुमच्या तिकडे चालतं रे असलं." नाही काका, इथेही चालत नव्हतं. पाटीवर आज तो शब्द आहे, पण तो लावायला एक्केचाळीस वर्षं भांडावं लागलं.