मेडिक्लोरची बाटली टाकून देऊ नका

आमच्या इमारतीतल्या एका काकूंनी परवा मेडिक्लोरची, म्हणजे पिण्याच्या पाण्यात टाकायच्या क्लोरीनच्या थेंबांची, अर्धी भरलेली बाटली कचऱ्यात टाकली. का म्हणून विचारलं, तर त्यांनी फोन पुढे केला. नाशकातल्या निम्म्या ग्रुपांवर फिरणारा तोच मेसेज त्यांनाही आला होता. थोडक्यात तो असा: ‘जपान्यांनी १९७२ साली शोध लावला, केमिकल कंपन्यांनी पन्नास वर्षं दडपला. टायटॅनियमचा लेप दिलेली पट्टी पाण्यात सोडा, बॅटरीची वायर जोडा, उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली ठेवा. क्लोरीनचं विष नको. बोअरचं खारं पाणी गोड होतं. एकदा शुद्ध झालेलं पाणी महिनाभर टिकतं. सिंहस्थाआधी रामकुंडात बसवा, गंगा निर्मळ होईल.’ (गंगा म्हणजे आपली गोदावरी.) सोबत एक व्हिडिओ.

पाण्याचे नमुने तपासणं हे माझं रोजचं काम. या मेसेजचा राग येतो तो तो पूर्ण खोटा आहे म्हणून नाही. यातलं मूळ विज्ञान खरं आहे, मला ते मनापासून आवडतं, आणि त्याच्या नावावर लोक चालू उपाय बंद करताहेत.

आधी दडपलेल्या शोधाबद्दल. अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा यांचा निबंध १९७२ साली ‘नेचर’मध्ये उघडपणे छापून आला. त्यात जंतूंचा विषयच नव्हता. टायटॅनियम डायऑक्साइडवर प्रकाश पाडला, तारेनं ते प्लॅटिनमला जोडलं, की पाण्यातून हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे होतात, हे त्यांनी दाखवलं. अशा प्रकारे जंतू मारता येतात हे जपानमध्येच १९८५ साली प्रसिद्ध झालं. पुढे हाच लेप दिलेल्या, स्वतःच स्वच्छ होणाऱ्या काचा आणि फरशा बाजारातही आल्या. दडपलं कोणी नाही.

आता ‘ऊन किंवा ट्यूबलाइट’. टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे भिंतीच्या पांढऱ्या रंगात असते ती पावडर. तिला जागं करायला ३८७ नॅनोमीटरपेक्षा कमी लांबीच्या लहरी लागतात, म्हणजे अतिनील प्रकाश. घरातल्या एलईडीत तो जवळजवळ नसतोच. उन्हातही त्याचा वाटा चार-पाच टक्केच. तो पडला की लेपातला इलेक्ट्रॉन उडतो आणि मागे रिकामी जागा राहते. ही रिकामी जागा पाण्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा अतिशय जहाल कण तयार करते, आणि तो जंतूचं बाहेरचं आवरण फोडतो. अडचण अशी की उडालेला इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा लगेच परत जागेवर येऊन बसतो आणि सगळी मेहनत उष्णतेत जाते. विजेचं काम इथे आहे. बाहेरून विजेचा थोडासा दाब दिला की इलेक्ट्रॉन तारेतून पलीकडच्या पट्टीकडे ओढला जातो आणि रिकामी जागा कामाला मोकळी राहते. प्रकाश आणि वीज यांची ही जोडी खरोखर सुंदर आहे. दृश्य प्रकाशात चालणारे लेप करण्यावर कामही सुरू आहे. पण मेसेजमधली ट्यूबलाइट आज ते काम करत नाही.

आणि ऊन म्हणाल, तर आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये काय असतं ते आठवा. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पुराचं पाणी लागलेलं, आठवडा आठवडा सूर्य नाही, आणि पाणी चहाच्या रंगाचं. जुलाब, कावीळ, गॅस्ट्रो याच दिवसांत वाढतात, आणि नेमक्या याच दिवसांत हे तंत्र लंगडं पडतं. गढूळ पाण्यात प्रकाश बोटभरही नीट शिरत नाही, मातीच्या कणाआड बसलेला जंतू सुरक्षित राहतो. आधी तुरटी, मग गाळणी, मग बाकीचं. हा क्रम कोणत्याही पट्टीनं चुकत नाही.

व्हिडिओबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण माणसं त्यालाच फसतात. दोन ग्लास, एकात आरओचं पाणी, दुसऱ्यात नळाचं. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून वीज सोडली. आरओचं पाणी तसंच राहिलं, नळाचं हिरवट झालं, मग तपकिरी, मग वर काळपट साय धरली. ‘बघा तुमच्या पाण्यातली घाण!’ असाच एक विक्रेता दोन वर्षांपूर्वी माझ्या बहिणीकडे आला होता, आणि योगायोगानं मी तिथे होते. त्याचं दाखवून झाल्यावर मी आरओचं ताजं पाणी घेतलं, त्यात चिमूटभर मीठ ढवळलं आणि म्हटलं, “दादा, आता यात कांड्या बुडवा.” तीन मिनिटांत तोही ग्लास तपकिरी झाला. मिठात घाण नव्हती. ते तपकिरी म्हणजे त्याच्याच कांडीतलं लोखंड, विजेनं विरघळून गंजाच्या रूपात वर आलेलं. आरओच्या पाण्यात क्षार कमी, म्हणून वीज वाहत नाही, म्हणून कांडी झिजत नाही. इतकंच. हा खेळ २३० व्होल्टवर चालतो, घरी करून बघू नका. खऱ्या यंत्रात विरघळणारी लोखंडी कांडी नसते. टायटॅनियमच्या पत्र्यावर किंवा वीज वाहणाऱ्या काचेवर पक्का बसवलेला लेप असतो. पावडर सुटी पाण्यात टाकली तर ती परत गाळून काढणं हेच मोठं काम होऊन बसतं.

‘क्लोरीन नको’ हे वाक्य तर स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेणारं आहे. आपल्या नळाच्या, विहिरीच्या पाण्यात थोडंफार क्लोराइड असतंच. त्यातून वीज गेली की धनाग्रावर त्याचं क्लोरीन होतं, आणि पाण्यात मिसळून तेच हायपोक्लोरस आम्ल बनतं जे मेडिक्लोरच्या थेंबातून मिळतं. विजेच्या अशा उपकरणांत पुष्कळदा जंतू मारतो तो हाच क्लोरीन. फरक इतकाच की बाटलीतल्या थेंबाचं प्रमाण ठरलेलं असतं, इथे ते पाण्यातल्या क्लोराइडवर आणि विजेवर अवलंबून राहतं. वीज बेताल सोडली तर क्लोरेट होतं, काही इलेक्ट्रोडांवर परक्लोरेटही, आणि ही दोन्ही पिण्याच्या पाण्यात नको असतात.

बोअरचं खारं पाणी गोड होत नाही. रॅडिकल सेंद्रिय गोष्टी जाळतं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांत जाळण्यासारखं काही नाही. द्राक्षबागांतल्या खतांमुळे ज्या विहिरींत नायट्रेट वाढतं (४५ मिलिग्रॅम प्रति लिटर ही मानकातली मर्यादा), तिथे तर हे हातच टेकतं, कारण नायट्रेट आधीच पूर्ण ऑक्सिडाइझ झालेलं असतं. उलट आपल्या काळ्या दगडातल्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, आणि ते जंतूंपर्यंत पोचायच्या आतच रॅडिकल गिळून टाकतं. शिवाय गिझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा थर ऋणाग्रावर चढत जातो.

‘महिनाभर टिकतं’ हा या मेसेजमधला सगळ्यांत घातक दावा. हायड्रॉक्सिल रॅडिकल क्लोरीनपेक्षा कितीतरी जहाल, पण त्याचं आयुष्य सेकंदाच्या लाखाव्या भागाइतकंही नसतं. लेपाला चिकटून जे घडतं ते घडतं. दिवा बंद झाला, पट्टी काढली, की पाण्यात भरवशाचा राखणदार कोणी उरत नाही. अर्धवट मार खाल्लेले जीवाणू अंधारात पुन्हा सावरतात, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. आता आपलं पाणी घरी कसं येतं ते बघा. गंगापूर धरणातून शुद्धीकरण केंद्रात, तिथून जलकुंभात, मग मैलोनमैल पाइप, मग सोसायटीची खालची टाकी, वरची टाकी, माठ, आणि माठात बुडणारा हात. पाणी ठरावीक वेळीच येतं. पुरवठा थांबला की पाइपातला दाब उतरतो आणि फटीतून बाजूच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. ही सगळी वाट सांभाळायला पाण्यात काहीतरी उरलेलं असावं लागतं. म्हणूनच भारतीय मानक क्रमांक १०५०० मध्ये उरलेला क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर सांगितला आहे. पेठ-सुरगाण्याकडच्या गावात जलसुरक्षक विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो आणि मग नळावर ओटी टेस्ट, म्हणजे उरलेल्या क्लोरीनची चाचणी, घेतो. चाचणीच्या द्रावणाचे थेंब टाकल्यावर नळीत पाणी पिवळं होतं, तो पिवळा रंग म्हणजे हा राखणदार. पट्टीवाल्या पाण्यात तो पिवळा रंग भरवशानं कसा आणणार?

रामकुंडाचा हिशेब सोपा आहे. गंगापूरमधून एक हजार क्युसेक सोडलं की सेकंदाला अठ्ठावीस हजार लिटर पाणी जातं. या तंत्रात पाण्याच्या प्रत्येक घोटाला लेपाजवळून, उजेडातून, काही मिनिटं हळू जावं लागतं. वाहत्या नदीत ते होत नाही. आणि पाण्यात सांडपाणी असलं की रॅडिकल आधी त्यातच खर्ची पडतात. २०२७ च्या सिंहस्थासाठी नाले घाटाच्या वरच्या अंगाला अडवावे लागतील, त्याला पट्टीचा पर्याय नाही.

या तंत्राची खरी जागा वेगळी आहे. कारखान्याच्या पाण्यातले रंग, औषधांचे अंश, कीटकनाशकं, जिथे क्लोरीन पुरा पडत नाही, तिथे आधी गाळलेल्या पाण्यावर ते चांगलं काम करतं. घरासाठी कोणी यंत्र विकायला आलंच तर तीन तपासण्या मागा: यंत्राआधीचं पाणी, लगेच नंतरचं, आणि तेच पाणी चोवीस तास अंधारात झाकून ठेवल्यावरचं. १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय एकही सापडता कामा नये. तिसरा रिपोर्ट बहुतेक जण आणत नाहीत.

काकूंना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “मग आता नवी बाटली आणू?” मी म्हटलं, आणा, वरची तारीख बघून आणा, थेंब लेबलवर लिहिलेत तितकेच टाका आणि अर्धा तास झाकण ठेवा. संध्याकाळी त्यांनी ग्रुपवर मेसेजखाली एवढंच लिहिलं: माझ्याकडून हे पुढे गेलं होतं, ते चुकलं.