बक्षीसपत्रातली ती एक ओळ

पंच्याहत्तरी ओलांडली की एसटी फुकट, हे आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात सगळ्यांना पाठ आहे. ती सवलत २०२२ ची. त्याच्या पंधरा वर्षं आधीचा, २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा कुणाकुणाला माहीत आहे, असं विचारलं तर दोन हात वर होतात. त्यातला एक निवृत्त नायब तहसीलदारांचा.

कायदा तसा सोपा आहे. स्वतःच्या उत्पन्नावर भागत नसेल तर मुलगा, मुलगी किंवा सज्ञान नातवंडांकडून निर्वाहभत्ता मागायचा. अर्ज प्रांत ऑफिसात, न्यायाधिकरणाकडे. वकील लागत नाही. जाणं जमत नसेल तर तुम्ही अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था तुमच्या वतीने अर्ज करू शकते. समोरच्याला नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाल, अगदीच अडचण असेल तर आणखी ३०. भत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये, तीही २००७ पासून जागची हललेली नाही. ती काढून टाकणारं विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत आलं, त्याचा कायदा काही झाला नाही.

पण अर्ज करतंय कोण? "पोटच्या पोराला साहेबासमोर उभं करू का?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर वाद घालत नाही. त्यांचं चूक नाही. उद्या ताप आला तर पाणी द्यायला तोच पोरगा असणार आहे. म्हणून माझं मत असं की खरी मदत अर्जाच्या वेळी नको, घर मुलाच्या नावावर करणाऱ्या सहीच्या आधी हवी.

मध्यंतरी एक मावशी प्लास्टिकच्या पिशवीत दस्त घेऊन आल्या. यजमान गेल्यावर घर त्यांच्या नावावर होतं, ते मुलाला बक्षीस दिलेलं, म्हणजे हयातीतच मोबदला न घेता त्याच्या नावावर केलेलं. पानापानावर थरथरत्या अक्षरात सही, शेवटी फोटो आणि अंगठा. आणि मधेच, कुठल्या तरी जुन्या नमुन्यातून जसंच्या तसं उचललेलं वाक्य: "सदर मिळकत मी प्रेमापोटी, विनामोबदला व विनाअट देत आहे." हे वाचून दाखवलं होतं का कुणी, असं विचारलं. म्हणाल्या, "तिथे गर्दी किती होती, भाऊ." मुलाने त्यांना घराबाहेर काढलेलं नाही. दोन वेळचं ताटही मिळतं. फक्त डोळ्याचं ऑपरेशन कायम पुढच्या महिन्यात असतं, आणि घर बँकेत तारण पडलंय.

याच कायद्याचं कलम २३ अशा वेळेसाठी आहे. म्हातारपणी सांभाळायचं या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने पाठ फिरवली, तर तो व्यवहार फसवणुकीने झाला असं धरून रद्द करून घेता येतो. बक्षीसच पाहिजे असं नाही, 'किंवा अन्य प्रकारे' असे शब्द कलमात आहेत. गोम आहे ती अटीत. सुदेश छिकारा विरुद्ध रमती देवी या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये सांगितलं की अशी अट होती हे दिसायला हवं. जानेवारी २०२५ मध्ये याच न्यायालयाकडून उर्मिला दीक्षित या आईला मुलाला बक्षीस दिलेली मिळकत परत मिळाली. त्या निकालात न्यायालयाने कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने लावायला हवा असं म्हटलं खरं, पण तिथे मुलाने सांभाळ करीन असं वचनपत्र लिहून दिलेलं होतं. आमच्या मावशींकडे आहे काय? 'विनाअट'.

आता अट घाल हे आईने मुलाला कोणत्या तोंडाने सांगायचं? ती नाही सांगणार. तिला वाटतं, अविश्वास दाखवल्यासारखं होईल. म्हणून हे तिसऱ्याने बोलायला हवं. दस्त लिहिणाऱ्या वकिलाने बोलावं, "आम्ही सगळ्यांच्याच दस्तात टाकतो" म्हणून मोकळं व्हावं. आणि संघांनी बोलावं. वाढदिवस झाले, सहली झाल्या, हास्यक्लब झाला. वर्षातून एक दुपार दस्तांना द्यायला काय हरकत आहे? महाराष्ट्रात राहतं घर मुलाला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क जेमतेम २०० रुपये, बाकीचे आकार वेगळे. त्यामुळे "आत्ताच करून टाकू" हा घरातला आग्रह वाढणारच. त्यापेक्षा मृत्युपत्र बरं, असं मी तोंडावर सांगतो. दोन साक्षीदार पुरतात, नोंदणीची सक्ती नाही, आणि मन बदललं तर बदलता येतं.

वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, आणि बाईमाणसाला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. हे कितीतरी आज्यांना कुणी सांगितलेलंच नाही. विधी सेवेचा फोन १५१००, ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७.

एक गोष्ट मात्र खटकते. याच कायद्याचा आधार घेऊन भांडणातल्या सुनेला घराबाहेर काढायचे उद्योगही चालतात. २०२० च्या एस. वनिता प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याला चाप लावला, सुनेचा राहत्या घरातला हक्कही बघावाच लागेल म्हणून. बरं केलं.

तर या महिन्यात कुणाच्या घरी बक्षीसपत्र ठरलं असेल, तर मसुद्यातलं 'विनाअट' काढून पुढचा मजकूर टाकायला सांगा. शब्द तुमच्या वकिलाला नीट करू दे:

"बक्षीस घेणार यांनी बक्षीस देणार यांची त्यांच्या हयातीत राहण्याची, अन्नवस्त्राची व औषधोपचाराची सोय करावयाची आहे, या अटीवर ही मिळकत देण्यात येत आहे. तसे न केल्यास २००७ च्या अधिनियमाच्या कलम २३ अन्वये हे बक्षीसपत्र रद्द करून घेण्याचा हक्क बक्षीस देणार यांना राहील."