‘आधी हात चालवा, मग चौकशी’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज येऊन पडला. ‘दंगल दंडुक्यानं थांबते, सर्व्हेनं नाही’ हे त्याचं शीर्षक. खाली पाच मुद्दे आणि शेवटी ‘जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा’. एरवी असले मेसेज मी न वाचताच सोडून देते. या वेळी सोडवेना, कारण तो वाचून माझ्या थोरल्या बहिणीनं लेकीला फोन लावला आणि ‘ही नोकरी सोड’ असं सांगितलं. माझी भाची ठाण्यात एका लहानशा संस्थेत काम करते. दंगली आणि जमावाची मारहाण होऊ नये म्हणून वस्त्यांमधली माहिती गोळा करायची आणि त्यावरून पोलीस, नगरपालिका, मोहल्ल्यातली माणसं यांच्यासोबत बसून आधीच नियोजन करायचं, असं ते काम आहे. ताईला फोनवर सांगितलं तेच इथे लिहिते आहे, कारण तो मेसेज एव्हाना मला आणखी दोन-चार ग्रुपवर दिसला.

मेसेज म्हणतो: दंगल अचानक भडकते, आधी कुणालाच कळत नाही. शांतता समित्या म्हणजे चहा-बिस्किटं. पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरी वैरीच राहणार. संशोधनाच्या नावाखाली पैसे उकळतात. आणि पाचवा मुद्दा जसाच्या तसा देते: ‘अनोळखी माणूस वस्तीत फिरताना दिसला की आधी हात चालवा, मग चौकशी करा.’

मी पाचव्यापासूनच सुरुवात करते. बाकीचे चार चुकीचे आहेत. हा माणसं मारणारा आहे, आणि मारून झालेला आहे.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे उतरले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणं हा या समाजाचा पिढीजात व्यवसाय. ‘मुलं पळवणारी टोळी आली आहे’ ही अफवा त्या भागात आधीपासून मोबाइलवरून फिरत होती. त्या पाचांपैकी एक जण बाजारातल्या एका लहान मुलीशी बोलला, एवढं निमित्त पुरलं. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडलं आणि जीव जाईपर्यंत मारलं. पाचही जण गेले. टोळी नव्हतीच. ‘आधी हात चालवा, मग चौकशी’ हे गावानं अक्षरशः पाळलं, आणि चौकशी सुरू झाली तेव्हा समोर पाच मृतदेह होते.

त्या वर्षी देशभर फिरलेल्या व्हिडिओंपैकी एकात मोटरसायकलवरून आलेले दोघं रस्त्यावरच्या मुलाला उचलून नेताना दिसायचे. तो व्हिडिओ कराचीतल्या एका संस्थेनं पालकांनी सावध राहावं म्हणून केलेल्या जाहिरातीचा तुकडा होता. मूळ जाहिरातीत ते दोघं मुलाला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तो शेवट कापून उरलेला भाग आपल्याकडे ‘पुरावा’ म्हणून फिरला. त्याच जुलैत व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. हा नियम ज्या मृत्यूंमुळे आला, तसेच मृत्यू पुन्हा घडवणारा सल्ला आज त्याच व्हॉट्सअ‍ॅपवरून पुढे पाठवताना कुणाचाच अंगठा अडखळत नाही, याचा मला मनापासून संताप येतो.

आता त्याच दिवसाची दुसरी गोष्ट, जी फार कुणाला आठवत नाही. त्याच १ जुलैच्या रात्री, शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, मालेगावात. अफवा तीच. परभणीकडून आलेलं एक कुटुंब, दोन पुरुष, दोन बायका आणि दोन वर्षांचं एक मूल, जमावाच्या हातात सापडलं. तिथल्या एका रहिवाशानं त्यांना आपल्या घरात घेतलं आणि दार लावलं. बाहेर शेकडोंचा जमाव ‘बाहेर काढा’ म्हणून ओरडत होता. पोलीस आले, जमाव त्यांच्यावरही धावून गेला, पण मालेगावचं ते कुटुंब जिवंत बाहेर पडलं.

एकच दिवस आणि एकच अफवा असताना एका ठिकाणी पाच मुडदे पडले आणि दुसऱ्या ठिकाणी पाच जीव वाचले, ते कशामुळे? हाच प्रश्न भाचीच्या कामाचा गाभा आहे. दार उघडणारा माणूस प्रत्येक वस्तीत असतो. तो कोण, जमाव त्याचं ऐकेल का, त्याच्याकडे बीट हवालदाराचा नंबर आहे का, पोलीस ठाण्यापासून तिथे गाडी यायला किती वेळ लागतो, वाटेत फाटक आहे का, बाजाराच्या दिवशी तो रस्ता बंद असतो का. तिच्या वहीत मी हे रकाने पाहिले आहेत. एक पान नुसतं अफवांचं: कधी आली, कुठल्या ग्रुपवर, पडताळणी कुणी केली, खुलासा किती तासांनी गेला. हे आगाऊ लिहून ठेवलेलं असेल तर राईनपाड्यासारख्या आडवाटेच्या गावात निदान पोलीस पाटलाला कुणाला फोन करायचा ते आधी ठरलेलं असेल. मेसेज लिहिणाऱ्याला यात ‘सर्व्हे’ दिसतो.

‘दंगल अचानक भडकते’ हा पहिला मुद्दा भिवंडीत तपासून पाहा. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत तिथे दंगल पेटली आणि लगोलग जळगाव-महाडलाही झळ पोचली. न्यायमूर्ती मादन यांच्या चौकशी आयोगानं पुढे जे नोंदवलं ते वाचलं की ‘अचानक’ हा शब्द तोंडून निघत नाही. मिरवणुकीचा मार्ग आणि मशिदीसमोरची वाद्यं यावरून काही वर्षं वाद धुमसत होता, गावोगावहून आलेल्या लोकांच्या हातातल्या झेंड्यांना काठी म्हणून लाठ्या होत्या, आणि हे सगळं दिवसाढवळ्या दिसत होतं. १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली.

मग १९८८ मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. त्यांनी गावाची मोहल्ल्यांनुसार विभागणी करून सत्तरच्या आसपास मोहल्ला समित्या बांधल्या. हिंदू-मुसलमान सारख्या संख्येनं. पुढाऱ्यांपेक्षा यंत्रमागावरचे कामगार, दुकानदार अशी रोज तिथेच राहणारी माणसं. मुख्य म्हणजे या समित्या काही घडलेलं नसतानाही बसत. गटार तुंबलंय, नळावर भांडण झालंय, असल्या गोष्टींसाठी. त्यातून पोलीस आणि मोहल्ला एकमेकांना नावानं ओळखू लागले. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत काय झालं ते त्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाच्या अहवालात आहे, ९०० मृत्यूंची नोंद आहे. मुंबईला लागून असलेली, दोनदा होरपळलेली भिवंडी तेव्हा पेटली नाही. दंडुका दोन्हीकडे होता. फरक चार वर्षांच्या बैठकांचा होता.

आता शांतता समित्यांबद्दल. ‘चहा-बिस्किटं’ या मुद्द्यातलं निम्मं खरं आहे, आणि नाइलाजानं का होईना, मी ते मान्य करते. गणपती आणि ईद जवळ आली की पोलीस ठाण्यात एक बैठक, तेच ठरावीक चेहरे, सत्कार, फोटो, चहा, संपलं. वर्षभर कुणी कुणाला विचारत नाही. अशा समितीत मोहल्ल्यात वजन असलेली माणसं नसतात, पोलीस ठाण्यात वजन वाढवायला आलेली असतात. खुद्द भिवंडीतही तो प्रयोग त्याच जोमानं पुढे चालला नाही. जुलै २००६ मध्ये पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून तिथे हिंसा झाली, गोळीबारात दोन नागरिक गेले आणि जमावानं दोन पोलिसांना ठार केलं. पण यातून एवढंच दिसतं की चांगला अधिकारी बदलून गेला की काम बसतं. ते बसू नये म्हणून नोंदी, नियोजन आणि पगारावर नेमलेली माणसं लागतात. म्हणजे मेसेजवाल्याला जे नको आहे नेमकं तेच.

‘पिढ्यान्‌पिढ्यांचे वैरी’ या मुद्द्याला राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांच्या संशोधनाचं उत्तर पुरेसं आहे. त्यांनी १९५० ते १९९५ या काळातल्या हिंदू-मुस्लिम दंगलींची नोंद एकत्र केली. मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे फक्त आठ शहरांत झाले होते: अहमदाबाद, मुंबई, अलिगढ, हैदराबाद, मेरठ, बडोदा, कोलकाता आणि दिल्ली. या आठांत देशाच्या शहरी लोकसंख्येपैकी सुमारे १८ टक्के लोक राहत. खेड्यांत झालेले मृत्यू चार टक्क्यांहून कमी. वैर रक्तात असतं तर ते सगळीकडे सारखं सांडलं असतं. त्यांनी उत्तर प्रदेशातलं अलिगढ आणि केरळातलं कालिकत ही शहरं शेजारी ठेवून पाहिली. दोन्हीकडे मुसलमानांचं प्रमाण जवळपास सारखं, तरी अलिगढला दंगली आणि कालिकतला शांतता. कालिकतला व्यापारी संघटना, कामगार संघटना, वाचनालयं यांत दोन्ही समाज एकत्र होते. अलिगढला तशी वीण विरळ होती. नुसती शेजारधर्माची ये-जा मोठ्या ताणात टिकत नाही, एकत्र चालवलेल्या संस्था टिकतात, हे त्यांचं म्हणणं. अशी वीण कुठे आहे आणि कुठे उसवली आहे हे शोधायला कुणीतरी वस्तीत जाऊन बसावं लागतं.

पैसे उकळण्याच्या आरोपावर फार शब्द खर्च करत नाही. काही संस्था तशा असतील, त्यांचे हिशेब मागा. पण ‘माहिती गोळा करून मारामारी थांबते का’ असं विचारणाऱ्यांनी ब्रिटनमधल्या कार्डिफ शहराकडे पाहावं. तिथले जबड्याच्या शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर जोनाथन शेफर्ड यांच्या लक्षात आलं की मारहाणीत जखमी होऊन आलेल्या कित्येकांची पोलिसांकडे नोंदच नसते. मग अपघात विभागातले कर्मचारी अशा प्रत्येक जखमीला विचारू लागले: कुठे, किती वाजता, कशानं मारलं? नाव वगळून ही माहिती पोलीस आणि नगरपालिकेकडे जाई, आणि गस्त त्या जागी, त्या वेळी लागे. २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासात तशाच १४ शहरांशी तुलना केली, तर हिंसेमुळे रुग्णालयात दाखल होण्याचं प्रमाण कार्डिफमध्ये ४२ टक्क्यांनी कमी भरलं. गस्त दंडुकेवाल्यांचीच होती, पण कुठे उभं राहायचं ते कागदानं सांगितलं.

ताईनं लेकीला नोकरी सोडायला सांगणं थांबवलं आहे, निदान तूर्तास. ज्यांनी मेसेज पुढे पाठवला त्या काकांना मी वेगळा फोन केला आणि एवढीच विनंती केली की बाकी चार मुद्द्यांवर हवं तेवढं भांडू, पाचवा मुद्दा मात्र आजच काढा आणि जिथे जिथे पाठवलात तिथे राईनपाड्याचं नाव लिहून खुलासा टाका. दोन ठिकाणी त्यांनी तो टाकला. बाकी ग्रुपवर मेसेज अजून तसाच आहे. तुमच्याकडे आला असेल तर तुम्हीही त्याच्याखाली हे लिहा.